काळीज उजवीकडं असतं

गुरुजी मयतीला आले की घरच्यांना धास्ती वाटायची. एकदा आमच्या आळीतली एक बाई ऐन चाळिशीत वारली. तिची सासू छाती बडवून रडत होती, "माझं काळीज फाटलं गं बाई, काळीज फाटलं!" गुरुजी दारात टोपी काढून उभे होते. ते शेजारच्या माणसाला हळूच काहीतरी म्हणाले, पण त्यांचं हळू बोलणंसुद्धा शेवटच्या बाकापर्यंत पोचणारं. "काळीज तिथं न्हाई. उजवीकडं, बरगडीखाली. ती बडवतीय ते हृदय." म्हातारी रडायची थांबली. तिरडी बांधणाऱ्यांनी माना वर केल्या. मग कुणीतरी गुरुजींना दंडाला धरून रस्त्यावर नेऊन सोडलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन ते आम्हाला म्हणाले, "काल माझं चुकलं. येळ चुकली. काळजाची जागा न्हाई चुकली."

असा हा माणूस. पाथर्डीकडच्या कोरड्या रानातला, पन्नाशीचा, पायजम्याची एक बाजू कायम वर खोचलेली. बायकामुलं गावाकडं, आणि हे शाळेच्या मागच्या खोलीत एकटे. आमचं गाव प्रवरेच्या काठी, कोल्हारच्या अलीकडं. आम्ही पाटाच्या पाण्यावर वाढलेली मुलं, त्यामुळं ते आम्हाला "वल्ल्या रानातले" म्हणून चिडवायचे. बाहत्तरच्या दुष्काळात पाट कोरडा पडला तेव्हा त्यांनी ते चिडवणं आपण होऊन बंद केलं. तेवढी समज त्यांना होती. मयतीतच कुठं जायची कोण जाणे.

त्या वर्षी मी सातवीत होते. सातवीची परीक्षा तेव्हा दुसऱ्या गावी केंद्रावर व्हायची आणि पेपर परके लोक तपासायचे. प्रत्येक विषयात पस्तीस मिळाले तर पास, एका विषयात जरी कमी पडले तरी नापास. गुरुजी आम्हाला विज्ञान शिकवायचे, आणि विज्ञानात त्यांचा जीव फक्त शरीरात. चुंबक, तरफ वगैरे धडे ते एका दिवसात उरकायचे. पचनाला मात्र दिवाळीपासून संक्रांत आली.

त्यांची पद्धत जगावेगळी होती. पुस्तक उघडलं की ते येऊन मिटायचे. "पुस्तक बाजूला. तुझं सांग." हे त्यांचं पालुपद. तुझ्या घरी याला काय म्हणतात, तुझी आई काय म्हणते, बकरं कापणारा काय म्हणतो, ते सांग. जठराला आम्ही कोठा म्हणायचो. फुप्फुसाला फोपसं, यकृताला काळीज, प्लीहेला पानथरी. हे शब्द ते फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचे आणि पुस्तकातले शब्द कोपऱ्यात बारीक अक्षरात. त्या कोपऱ्यातल्या शब्दांना ते पाहुणे म्हणायचे. "जठर हा पाव्हना हाय. आला तर पाट द्यायचा, पानी द्यायचं. पर घर कोठ्याचंच."

स्वादुपिंडाला मात्र आमच्याकडं घरचा शब्द सापडेना. गुरुजींनी साऱ्या गावाला विचारलं. शेवटी ते शमीमच्या वडिलांकडं गेले. शमीम माझ्या वर्गात, माझ्याच बाकावर बसायची. तिचे वडील गावचे मुलाणी, गावातलं बकरं तेच कापायचे. गुरुजींनी त्यांना तो अवयव बोटानं दाखवून विचारलं, "ह्याला काय म्हंता?"

"त्याला काय बी म्हनत न्हाई गुर्जी. त्ये आमी कुत्र्याला टाकतो."

गुरुजींनी बराच विचार केला आणि वर्गात येऊन निकाल दिला, "ज्याला गावात नाव न्हाई, त्याला पुस्तकाचं नाव चालंल."

शमीमला हे सगळं तोंडपाठ करावंच लागत नसे. मला बेडकाच्या चित्राचीही शिसारी यायची, तिनं मात्र लहानपणापासून आतडी धुतली होती. कोणता अवयव कशाला चिकटलेला असतो हे तिच्या बोटांना माहीत होतं. "पित्ताची पिशवी काळजाला खालनं चिकाटल्याली आस्ती. फुटली तर समदं मटान कडू हुतं," असं ती उभी राहून सांगायची आणि गुरुजी डोळे मिटून ऐकायचे, जणू कुणी गाणं म्हणतंय. मी तिच्या शेजारी बसून जळायचे. बाकी सगळ्या विषयांत माझा पहिला नंबर होता, विज्ञानात तिचा. मला ते सोसत नव्हतं, हे आता सांगायला लाज कसली?

एका सोमवारी गुरुजी शमीमच्या घरून बकऱ्याचं फोपसं घेऊन आले, श्वासनळीसकट, पितळी परातीत. स्वतः ते मटणाला शिवतही नसत. पपईच्या देठाची पोकळ नळी त्यांनी श्वासनळीत घातली आणि गाल फुगवून फुंकर मारली. ते लोळागोळा पडलेलं फोपसं फुगलं, गुलाबी झालं, परातीच्या काठापर्यंत आलं. पोरी किंचाळल्या. गुरुजींनी तोंड काढलं तसं ते हळूहळू बसलं. "हे तुझ्यात हाय," त्यांनी एकेकाकडं बोट करत सांगितलं. "तुझ्यात बी. तुझ्यात बी." मग ते शाळेमागं जाऊन भडाभडा ओकले, हापशावर अंघोळ करून आले आणि ओल्या अंगानं पुढचा तास घेतला. मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून झाडलं, पुस्तकात आहे तेवढंच शिकवा म्हणून बजावलं. गुरुजींनी मान डोलावली आणि पुढच्या आठवड्यात बकऱ्याचा डोळा आणला.

पण मला त्यांचा आठवतो तो भाकरीचा तास. भाकरी खूप वेळ चावली की लाळेनं तिची साखर होते, हे त्यांना आम्हाला दाखवायचं होतं. तोवर दुष्काळ पुरता मुरला होता. घरोघरी रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी, आणि निम्मा वर्ग सकाळी काही न खाता यायचा. गुरुजींनी आपल्या खोलीतून दोन भाकरी आणल्या, त्यांचं दिवसभराचं जेवण. प्रत्येकाला घासभर तुकडा दिला. "चावायचं. गिळायचं न्हाई. ग्वाड लागलं की हात वर करायचा." आम्ही चावायला लागलो. गुरुजी घड्याळ बघत उभे होते. एकही हात वर येईना.

"काय रं? लागंना व्हय ग्वाड?"

पहिल्या बाकावरचा एक मुलगा रडायला लागला. "गिळलं गुर्जी," तो म्हणाला. मग दुसरा म्हणाला, तिसरी म्हणाली. सगळ्यांनीच गिळलं होतं. मीही. तोंडात भाकरी आल्यावर ती थोपवून धरणं कुणालाच जमलं नव्हतं. गुरुजींनी फळ्याकडं तोंड फिरवलं आणि पुसलेल्या फळ्यावरून पुन्हा पुन्हा फडकं फिरवत राहिले. घंटा झाली तरी वळले नाहीत.

शमीमच्या घरी त्या वर्षी काही खरं नव्हतं. जनावरंच उरली नाहीत तर कापणार काय? तिच्या वडिलांनी तिच्या खालाला, म्हणजे श्रीरामपूरच्या मावशीला, शब्द दिला होता, की पोरगी सातवी पास झाली तर पुढं शिकायला तुझ्याकडं पाठवीन. आणि नापास झाली तर? तर आजोबांनी एक स्थळ बघूनच ठेवलं होतं. तेव्हा शमीमच्या मागं एकच ध्यास होता, सातवी. गणित तिचं कच्चं, इंग्रजी बेताचं, पण ते कसंबसं निघेल असं गुरुजींनीही सांगितलं होतं. विज्ञानाची तर चिंताच नव्हती.

परीक्षेला महिना उरला आणि माझे मामा नगरहून आले. सावेडीला नवी घरं होत होती, तिथं राहायचे, कचेरीत कारकून होते. त्यांनी माझ्यासाठी गाईड आणलं होतं. आमच्या गावात तोवर कुणी गाईड पाहिलेलं नव्हतं. माझ्या वहीतलं "काळीज पित्त करतं" हे वाक्य वाचून मामा पोट धरून हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "हे बघ, पेपर तपासणारा काही तुमच्या गावचा नसतो. त्याच्यापुढं उत्तरांचा कागद असतो. त्यातला शब्द दिसला तर मार्क, नाही तर भोपळा. ह्यातलं पाठ कर." त्यांनी शिसपेन्सिलीनं मला खुणा करून दिल्या. यकृताखाली दोनदा रेघ मारली.

शमीम रोज दुपारी अभ्यासाला आमच्या ओसरीवर यायची. आम्ही घोंगडीवर बसून एकमेकींना प्रश्न विचारायचो. ती यायच्या आधी मी गाईड त्या घोंगडीखाली सारायचे. घरात ठेवलं असतं तर धाकट्या भावानं तिच्यासमोर आणून नाचवलं असतं. मी तिला विचारायचे, "पित्त कुठं तयार होतं?" ती म्हणायची, "काळजात." आणि मी म्हणायचे, "बरोबर." महिनाभर मी "बरोबर" म्हणत होते. सांगावं असं दोनतीनदा अगदी ओठावर आलं. पण विज्ञानातही पहिला नंबर आला तर कसं वाटेल, हे मला एकदा बघायचं होतं. एवढंच कारण. त्यापेक्षा मोठं कारण शोधायचा मी जन्मभर प्रयत्न केला, सापडलं नाही.

परीक्षेचं केंद्र कोल्हारला होतं. आम्ही एस.टी.नं गेलो, गुरुजी सायकलवर. विज्ञानाच्या पेपराच्या दिवशी ते फाटकापाशी उभे होते. प्रत्येकाच्या मनगटावर बोटं ठेवून नाडी बघत होते आणि आत सोडत होते. "घाबरायचं न्हाई. प्रश्नाच्या शेवटाला छापल्यालं आसतंय, तुमच्या शब्दांत लिहा. सरकारच म्हंतंय तुमच्या शब्दांत! मग तुमच्याच शब्दांत लिव्हा." माझी नाडी बघताना ते थबकले. "तुझी लई पळतीया गं."

पेपरात पचनावर मोठा प्रश्न होता. अन्नपचनात भाग घेणाऱ्या अवयवांची नावं आणि त्यांची कामं. आणि खाली खरंच छापलेलं होतं, उत्तर तुमच्या शब्दांत लिहा. मी जठर लिहिलं, यकृत लिहिलं, पित्तरस लिहिलं, एकामागून एक पाहुणे आणून बसवले. बाहेर आले तर शमीम नाचत होती. "समदं आपलंच इचारलं! काळजाचं मी दीड पान लिव्हलं." गुरुजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचा एवढा फुललेला चेहरा मी पुन्हा कधी पाहिला नाही.

निकाल लागला तेव्हा शमीम गणितात अडतीस, इंग्रजीत छत्तीस आणि विज्ञानात एकतीस. मला विज्ञानात अठ्ठ्याहत्तर. वर्गातले आणखी नऊ जण विज्ञानातच गेले.

गुरुजींचा विश्वास बसेना. पेपर तपासणाऱ्यांत त्यांच्या ओळखीचे एक मास्तर होते. त्यांच्या हातापाया पडून गुरुजींनी शमीमचा पेपर नुसता डोळ्यांनी बघून घेतला आणि तांबड्या शाईतले शेरे वहीत उतरवून आणले. ती वही त्यांनी आम्हाला दाखवली. "कोठ्यात अन्न घुसळलं जातं" या वाक्यापुढं शेरा होता, "धान्याच्या?" आणि दीड पानाच्या काळजावर एक आडवी रेघ आणि शेरा, "हृदयातून पित्त येते काय? पुस्तक वाचावे." साऱ्या उत्तरात एकाच शब्दावर बरोबरची खूण होती. स्वादुपिंड.

"त्याला वाटलं काळीज म्हंजी हृदय," गुरुजी वहीकडं बघत म्हणाले. "म्हातारीसारखंच. शिकल्याला मानूस, आन् त्याला काळीज कुठं आसतंय ठावं न्हाई." मग वही मिटून म्हणाले, "पर कापली कुनाची मान?"

ते शमीमच्या घरी निघाले तेव्हा मला म्हणाले, "चल." का, ते मला कळलं नाही. मुलाणीचाचांनी घोंगडं टाकलं, पाणी दिलं. शमीम आत होती, दाराच्या फटीतून तिची ओढणी दिसत होती. गुरुजी म्हणाले, एक वर्ष द्या, मी फुकट शिकवतो, पुढच्या खेपेला पोरगी पहिल्या नंबरानं काढतो. चाचा शांतपणे ऐकत होते.

"गुर्जी, आमचा तुमच्यावर राग न्हाई," ते म्हणाले. "पर मला आडान्याला एक सांगा. तुमी शिकिवल्यालं जिनं लिव्हलं, ती नापास. जिनं न्हाई लिव्हलं, ती पास. मंग आता येक वरीस आनखी शिकून काय करायचं?"

गुरुजी उठले. परत येताना पाटाच्या कडेनं आम्ही चाललो होतो. पाटाच्या तळाची माती भेगाळली होती. मध्येच त्यांनी मला विचारलं, "तू काय लिव्हलंस काळजाला?"

"यकृत."

"कुठनं शिकलीस?"

मी गाईडचं सांगितलं. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर फार बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "बरं केलंस." आणि थोडं पुढं गेल्यावर, "तुझं झालं आसंल तर मला दे त्ये पुस्तक."

मी गाईड नेऊन दिलं. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत ते त्या गाईडातून शिकवत राहिले, माझ्या मामांनी शिसपेन्सिलीनं केलेल्या खुणांसकट. माझा धाकटा भाऊ दोन वर्षांनी त्यांच्या हाताखाली गेला. तो सांगायचा, गुरुजी खुर्चीवरून उठत नाहीत. प्रश्न सांगतात, उत्तर सांगतात, लिहून घ्या म्हणतात. कुणी चुकून कोठा म्हटलं तर हातावर छडी बसायची. "तुझं सांग" हे त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. मी सांगितलं तर म्हणाला, "ते आमचे गुरुजी नव्हंत, दुसरं कुनीतरी आसतील."

बोलणंही बदललं त्यांचं. कावीळ झाली तेव्हा ते कंपाउंडरला म्हणाले, "माझ्या यकृताच्या ठिकाणी वेदना होतात." कंपाउंडर गावातलाच. तो बुचकळ्यात पडला आणि विचारलं, "म्हंजी कुठं दुखतंय, गुर्जी?" गुरुजींनी हात उजव्या बरगडीखाली ठेवला आणि पुन्हा तेच म्हणाले, "यकृताच्या ठिकाणी." घरचा शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही. त्याच दुखण्यात ते गेले. मयतीला मी गेले नाही.

शमीमचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं होतं, आजोबांनी बघून ठेवलेल्या ठिकाणी, श्रीरामपूरला. म्हणजे श्रीरामपूरला ती गेलीच म्हणायची. मी पुढं शिकले, शिक्षिका झाले. विज्ञानच शिकवते. पाठ नीट घेते, निकाल चांगला लागतो, आणि उत्तरांचा कागद समोर ठेवून पेपर तपासते. कुणी काळीज लिहिलं तर मीही कापते. कापावंच लागतं.

माझी बदली श्रीरामपूरला झाली तेव्हा गुरुजींना जाऊन चारपाच वर्षं झाली होती. रविवारी बाजाराच्या मागच्या गल्लीत मटण घ्यायला गेले. तराजूमागं एक बाई बसली होती, अंगानं भरलेली, हातात सुरी. तिनं मान वर केली, मला नीट न्याहाळलं, आणि हसली नाही.

"काय दिऊ, बाई? यकृत दिऊ का पावशेर?"

मी मान डोलावली. तिनं काळीज पुढ्यात घेऊन सुरी लावली. पित्ताची पिशवी तिनं इतकी अलगद सोडवली की एक थेंब सांडला नाही.

"गुर्जी कसं हायेत?"

"गेले गं. झाली चारपाच वर्षं."

सुरी थांबली. "कशानं?"

"कावीळ झाली होती. डॉक्टर म्हणाले, यकृताला सूज..."

"डाक्टरचं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तुझं सांग."

इतक्या वर्षांनी ते दोन शब्द कानावर पडले. माझं म्हणून माझ्याकडं एकच गोष्ट होती.

"शमीम, तेव्हा माझ्याकडं गाईड होतं."

"ठावं हाय की. घोंगडीखालनं टोचायचं मला."

"मग मागितलं का नाहीस? काढून वाचायचंस तरी!"

तिनं काळीज पानात बांधलं, वर कागद गुंडाळला, आणि पुडा माझ्या हातात दिला.

"गुर्जींनी सांगितलं हुतं ना," ती म्हणाली, "तुमच्याच शब्दांत लिव्हा म्हनून."

आणि माझ्या मागं उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला तिनं विचारलं, "तुमाला काय दिऊ?"